बावीस पानांची संमती

पीएच.डी. संपवून मी मलकापूरला परत आले, तेव्हा गल्लीने ठरवूनच टाकलं होतं की पोरगी आता बसस्टँडजवळ रक्त-लघवी तपासायची लॅब टाकणार. प्रयोगशाळेला कंटाळून मी परतले होते, तर गावाने माझ्यासाठी प्रयोगशाळाच नेमून ठेवली होती. सहा वर्षं मी उंदरांच्या मूत्रपिंडातल्या पेशी रंगवून मोजल्या, हे बाबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तहसील कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेला माणूस. "संशोधन" एवढा शेरा मारून ते विषय बंद करत.

विद्यापीठ सोडण्याआधी आम्हाला एक दिवसाचं मार्गदर्शन मिळालं होतं. प्रयोगशाळेबाहेरही जग आहे असं तिथे कळलं: पेटंटचं काम, विज्ञानाच्या मासिकांचं संपादन, औषध कंपन्यांची कागदपत्रं. बोलणाऱ्या बाई इतक्या आनंदात होत्या की मला वाटलं, मग आम्हाला इतकी वर्षं आत कशाला कोंडलं होतं? मी वैद्यकीय भाषांतर निवडलं. त्याला उंदीर लागत नव्हते आणि ते घरी बसून करता येत होतं. घरी बसून करतात त्याला नोकरी म्हणत नाहीत, हे इथे आल्यावर समजलं. बँकेच्या परीक्षेचे फॉर्म निघाले की कुणी ना कुणी मला आठवणीने सांगून जाई.

काम असं होतं. नव्या औषधाची चाचणी माणसांवर घ्यायची तर त्यांची लेखी संमती लागते. ते संमतीपत्र इंग्रजीतून मराठीत मी आणायचे. मग दुसरं कुणीतरी माझं मराठी परत इंग्रजीत न्यायचं, आणि ते मूळ इंग्रजीशी जुळलं की काम पास. माझं नेहमी जुळायचं. एकही चूक नाही, असं प्रमाणपत्र यायचं आणि बाबा ते फाइलला लावायचे. या सगळ्या कारभारात नुसतं मराठी येणारं माणूस कुठेच नव्हतं, हे ना कंपनीच्या लक्षात आलं, ना माझ्या.

एका दुपारी शेजारचे टेलर चाचा आणि चाची कागदांची चळत घेऊन आले. चाचींच्या किडनीचं दुखणं जुनं. महिन्यातून एकदा दोघं रेल्वेने मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जात. तिथल्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीत यायचं का, असं विचारून हे कागद दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जायचं होतं आणि कागद सही करूनच न्यायचे, असं चाचांनी ठरवलं होतं. चाचींची इच्छा नव्हती. नव्या गोळीची त्यांना धास्ती होती. पण चाचांनी ती बावीस पानं तीनदा वाचली होती, आणि नवव्या पानावरच्या एका वाक्याखाली कापडावर खुणा करायच्या खडूने निळी रेघ ओढली होती.

"नाही म्हनलं तं चालू इलाज बंद करतीन, असंच लिहेल हाये ना बेटी?" चाचांनी विचारलं.

मी वाचलं. "सहभागास नकार दिल्यास अथवा कारण न देता सहभाग मागे घेतल्यास आपणास अनुज्ञेय असलेल्या प्रमाणित उपचारांवर कोणताही प्रतिकूल परिणाम संभवणार नाही." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना "संभवणार" पाशी आले आणि ओळख पटली. तो शब्द माझा होता. तो सुचला तेव्हा मी स्वतःवर खूश होऊन चहा करून घेतला होता.

चाचा रोज दुकानात पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांना "नकार" कळला, "प्रतिकूल परिणाम" कळला, आणि दोन्ही एका ओळीत पाहून ते घाबरले. मी सांगितलं, नाही म्हटलं तरी आता चालू आहे तो इलाज तसाच चालू राहील, आणि नाही का म्हणता हेसुद्धा सांगावं लागणार नाही.

चाचींनी माझ्या हातातून कागद घेतले. "एवढंच होतं?" मग कागद बाजूला सारत म्हणाल्या, "ज्यानं लिहिलं, त्याच्या घरी कोनी बिमार नसन."

मला इतकी लाज वाटली की खोटं बोलायचंही सुचलं नाही. "चाची, ते म्याच लिहिलं."

आत बाबांचा पेपर वाजायचा थांबला. चाचा हसले, चाची हसल्या नाहीत. पाणी पिऊन दोघं उठले.

तेव्हापासून मजकूर पाठवण्याआधी मी चाचांच्या दुकानात बसून मोठ्याने वाचते. ते मशीन चालवत ऐकतात. पाय थांबला की ते वाक्य मी खोडते. पहिला असा मजकूर गेला तेव्हा कंपनीकडून शेरा आला की भाषा विषयाच्या दर्जाला साजेशी नाही. बाबांनी तोही फाइलला लावला, प्रमाणपत्रांच्या वर.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यातून परतले तेव्हा मी फाटकातच उभी होते. चाचींनी सही केली नव्हती. इलाज आधीचाच चालू राहिला होता. तिथल्या एका तरुण डॉक्टरने मात्र, नाही का म्हणता, असं दोनदा विचारलं. चाचींनी पिशवीतून कागद काढले, नववं पान उघडलं आणि निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "कारन काऊन सांगू? तुमच्याच कागदात लिहेल हाये."

माझ्या प्रबंधातलं एकही वाक्य आजवर कुणी कुठे आधाराला घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आधाराला घेतलेलं माझं वाक्य हे पहिलंच.