पालथा दगड

जुन्नर एके काळी राजधानी होतं, हे शाळेत शिकवायचे. घरी त्याचा उपयोग शून्य. त्या वैभवातून आमच्या वाट्याला आला तो कुकडी नदीकाठचा काळ्या दगडांचा घाट, आणि त्यावर बायका धुणी धुवायच्या. प्रत्येकीचा दगड ठरलेला. आईचा पाण्यालगतचा.

माझा थोरला भाऊ लहानपणी तापात एका पायाने अधू झाला. तेव्हा एका देवऋष्याने आईला सांगितलं, "बाई, तुझ्या पायाखाली देव आलाय, त्याचाच हा कोप." कोणता, कुठं, हे मेल्याला सांगता आलं नाही. आईने उंबरा उकरला, गोठ्यातल्या फरश्या काढल्या. काही सापडलं नाही, तरी ते तिच्या मनातून गेलं नाही.

दोन हजार सालानंतर घाटाची दुरुस्ती निघाली. पायऱ्या उचलल्या, तर बरेच दगड कुठल्याशा पडक्या देवळाचे निघाले, नक्षी खाली करून पालथे बसवलेले. बायकांची बोबडीच वळली. शेजारच्या काकूंच्या दगडाखाली कमळ निघालं, त्या गावभर मिरवल्या. दुसऱ्या एकीच्या दगडाखाली चक्क गणपती. ती उपास धरून बसली.

आईने घाटावर जाणंच सोडलं. न्हाणीत बसून कपडे नुसते चोळायची.

"आई, पोलिओ व्हता त्यो," भाऊ म्हणायचा. तोवर तो खोडदला रेडिओ दुर्बिणींच्या केंद्रात नोकरीला लागला होता.

"तुला काय कळतंय," ती म्हणायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

तिच्या दगडाची पाळी आली तेव्हा भावाने तिला हाताला धरून नेलं. गड्यांनी पहारी लावल्या. आईने पदर तोंडावर घेतला. दगड उलटला, तर नुसता चिखल. भावाने त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

"आई, बघ. काय न्हाई."

"नीट बघ."

"छिन्नीचे घाव हायती नुसते. कोरा हाय दगूड."

आईने वाकून दगडावर तळहात फिरवला, एक कोपरा सोडला नाही. मग तिथेच चिखलात बसली आणि भावाचा बारीक पाय दोन्ही हातांनी धरून रडली. "माझ्यामुळं न्हाई रं, माझ्यामुळं न्हाई." मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दगड परत जागेवर बसला. दुसऱ्या दिवशी आई घरभराचं धुणं घेऊन गेली, धुतलेल्या चादरीसुद्धा. तिचं आपटणं आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येत होतं.