घागरीवरचा हात

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. त्या दुष्काळात तिकडचा एक टँकर धर्माबादजवळच्या आमच्या गावात येई. पाइप धरायला रेणापूरचा एक माणूस असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

रांगेतल्या निम्म्या बायका तेलुगू बोलत. त्यांचं 'चालु' म्हणजे पुरे. बाकीच्यांचं 'चालू' म्हणजे सोडा पाणी. त्यामुळे तो बोलण्याकडे लक्षच देत नसे. घागर भरली की तिच्या तोंडावर हात ठेवायचा, असा त्याचा नियम होता. हात दिसला की तो पाइप वर उचली.

"तोंडानं सांगू नका माय, हात दावा," तो म्हणे.

एकदा रांगेच्या शेवटी एक तेलुगू म्हातारी उरली. टँकर रिकामा होत आला होता. शेजारणीनं विचारलं, "तिला पुरंल का दादा?"

"सांडलंच न्हाई, मग पुरंल की."

धार बारीक झाली, पण घागर गळ्यापर्यंत भरली. म्हातारीनं तिच्यावर हात ठेवला. मग त्यातलंच तांब्याभर पाणी काढून तिनं त्याच्यापुढे धरलं. त्यानं दोन घोट घेतले आणि तांब्यावर हात ठेवला.

म्हातारी हसली.