मोजून मारलेल्या चुका

अकरा फेब्रुवारी. तीन माणसांच्या सोफ्याला नवा फोम, नवं कापड आणि खालून नवा तळ, मजुरीसह चार हजार दोनशे पन्नास रुपये. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यातले चार हजार आधीच दिले होते. सकाळी त्यांनी फोनवर पुन्हा बजावलं, "मामा, चारला पेशंट येतात. त्याआधी सोफा जागेवर हवा."

"तीनलाच बघा," मामा म्हणाले.

मामांना सख्खा भाचा एकही नाही, पण सोफे दुरुस्त करून घेणारं सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. त्यामुळे बायकोलाही आपसूक मामीपण मिळालेलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे मामांचं ठोकणं, मागे मामीचं शिलाई मशीन, त्यामागे पत्र्याची पडवी आणि वरच्या मजल्यावर घर.

तळाचं कापड लाकडाला ठोकायला जे बारीक खिळे लागतात, त्यांना चुका म्हणतात. मामा त्या ओठांत धरतात आणि एकेक काढून मारतात. "आमच्या धंद्यात चुका मोजून मारतात," हा त्यांचा ठरलेला विनोद, गिऱ्हाईक नवं असलं की हमखास ऐकवायचा. चुका तोंडात असताना मात्र त्यांना बोलता येत नाही. मामीला जे काही सुनवायचं असतं ते ती नेमकी तेव्हाच सुनवते.

तळाच्या कापडाला मामा सोफ्याचं पोट म्हणतात. पोट बांधायच्या आधी बॅटरी लावून आत बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. नाणी, कंगवे, एकदा तर कुणाच्या आजोबांची कवळीही सापडली होती. सापडेल ते पुडीत बांधून मालकाला परत.

त्या आठवड्यात चिंध्यांच्या ढिगामागे एक राखाडी-पांढरी भटकी मांजरी व्यायली होती. तीन पिल्लं. मामी गुपचूप वाटीत दूध ठेवत होती आणि मामा ते न दिसल्याचं सोंग करत होते. पण सोफा बाहेर काढायला वाट हवी म्हणून त्या दिवशी सकाळी मामांनी चिंध्या उचलल्या, पिल्लं टोपलीत घातली आणि टोपली पडवीत नेऊन ठेवली.

"जागा हलवली की ती आपली दुसरी शोधते," मामी म्हणाली. "सांगितलं होतं ना, कोपऱ्याला हात लावू नका म्हणून?"

"पडवीत काय वाईट आहे? ऊन आहे, वारा आहे."

"तिला विचारलंत?"

मामांनी सोफा उताणा केला, बॅटरीने आत बघून घेतलं आणि दोघं वर जेवायला गेली. खाली आली तोवर टेम्पोवाला दारात येऊन हॉर्न बडवत होता. मामांनी घाईने कापड ताणलं आणि मूठभर चुका तोंडात टाकल्या.

"आत एकदा बघितलंत ना?" मामीने मशीनवरून विचारलं.

"हं," मामा म्हणाले. बघितलं तर होतंच, जेवणाआधी.

हातोडीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पोट बांधून झालं आणि टेम्पो गेला. मामांनी झाडू घेतला.

तेवढ्यात पडवीतून मांजरी आली. तोंडात एक पिल्लू. सोफा होता त्या जागी ती थांबली. तिने पिल्लू फरशीवर ठेवलं, रिकामी जमीन हुंगली आणि मान वर करून मामांकडे बघितलं. मामी पडवीत धावली. टोपली रिकामी होती.

"अहो, दोन सोफ्यात गेलीत!"

मामांनी झाडू टाकला. घड्याळात चार वाजायला आले होते. कुणी धपकन बसलं तर? त्यांनी फोन लावला. "बाई, सोफ्यावर कुणाला बसू देऊ नका!"

"मामा, तो बसायलाच केलाय ना? एक गृहस्थ बसलेत सुद्धा."

"त्यांना उठवा! अगदी हळूच उठवा!"

मामीने पिल्लू टोपलीत ठेवलं. त्याच्यामागे मांजरी आपणहून आत शिरली. वर उशीची खोळ टाकून दोघं निघाली. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, पण मामांना तो कधी एवढा लांब वाटला नव्हता.

सुजलेला गाल धरून ते गृहस्थ भिंतीशी उभे होते. "मघापासून बारीक आवाज येत होता," ते म्हणाले, "मला वाटलं, माझी दाढच!"

सोफा कलंडवला असता तर पिल्लं आत घसरली असती. मामा साठी उलटल्यानंतर पहिल्यांदाच फरशीवर उताणे झाले आणि सोफ्याखाली सरकले. कापडाला झोळीसारखा फुगवटा आला होता. हाताला ऊब लागली. एक फुगवटा हलला. दुसरा हलेना.

"कात्रीने कापा ना पटकन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आत कुठे काय आहे ते दिसत नाही, बाई. चुकाच काढतो."

मामीने खालून तळवा धरला. मामा पक्कडीने एकेक चूक उपटत गेले आणि सवयीने ओठांत धरत गेले. कापड सुटलं. पहिलं पिल्लू बाहेर येताच केकाटलं. दुसरं मामीच्या हातात ढिलं पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढला आणि पिल्लाच्या छातीवर बोट टेकवलं.

"झोपलंय हो," त्या म्हणाल्या. "ठोकाठोकीत झोपलंय!"

गाल धरलेले गृहस्थसुद्धा हसले आणि लगेच कळवळले.

मांजरी टोपलीतून उतरली. तिने झोपलेल्याला मानेशी धरलं आणि उघड्या पोटातून पुन्हा सोफ्यात नेऊन ठेवलं. मग बाकीची दोघं. मामांनी आत हात घातला.

"हात लावू नका," मामी म्हणाली. "सकाळी एकदा हलवलंत, तेवढं पुरे."

मामांच्या तोंडात चुका होत्या. त्यांनी हात मागे घेतला.

"इथे पेशंटमध्ये नाही चालणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "मागच्या खोलीत चालेल." चौघांनी सोफा न कलंडवता, पाण्याची परात न्यावी तसा, आत नेला. पेशंटांसाठी खुर्च्या मांडल्या.

"पोट बांधल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत हं, मामा."

मामांनी चुका तळहातावर काढल्या. "काम अर्धं असताना मी मागणारही नाही."

पुढे पिल्लं मोठी झाली. झोपाळू पिल्लू गालवाल्या गृहस्थांनी नेलं, दाढ काढून झाल्यावर. एक मामीकडे आहे, एक दवाखान्यात. मांजरीचं ऑपरेशन डॉक्टरीणबाईंनी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरकडून करून घेतलं. दुपारची झोप ती अजून सोफ्याच्या पोटातच काढते. मामा अधूनमधून जातात, बॅटरी लावून आत बघतात आणि चुका खिशात घेऊन परत येतात.

डॉक्टरीणबाईंकडून दोनशे पन्नास रुपये यायचे आहेत.