टाइल्सवरचे दोन थेंब

सायसिंगदादा गेले. आणि माझं त्यांना सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

मंगळवारी, धडगावहून वर गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये. घाटात छातीत कळ आली. जीप मागे वळवेपर्यंत सगळं संपलं होतं.

जे आमच्या शहाद्याच्या बिअर बारमध्ये कधी आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो.
माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, बार काढला त्या दिवसापासून दादा आमच्याकडे. अठरा वर्षं. नावाला वेटर. खरं म्हणजे बार तेच चालवायचे, मी काउंटरवर बसून मोबाइल बघायचो.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले आणि मला क्राफ्ट बिअरचं खूळ लागलं.

शेजारी गुजरात, त्यामुळे गिऱ्हाईक आमच्याकडे कधी कमी नव्हतं. पण सगळे घटाघटा पिऊन निघणारे. मला वाटायचं, माणसाने जरा बसावं, वास घ्यावा, चव ओळखावी. बारमध्ये शाळा काढायला निघालो होतो म्हणा ना.

नानांना जाऊन दोन महिने झाले होते. शनिवार, संध्याकाळी पाच. आमचं पहिलं टेस्टिंग.

पुण्याच्या एका छोट्या ब्रुअरीचा पोरगेलासा माणूस चार प्रकारच्या बाटल्या घेऊन आला. छोटे ग्लास, प्रत्येकात तीन-चार घोट. आधी फिकट, शेवटी काळी. मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि कोरडे मुरमुरे.
मुरमुऱ्यांत शेव नाही म्हणून अर्धे लोक तिथेच नाराज.

"दादा, पहिला ग्लास तुम्ही घ्या," मी म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठेपणा दाखवत.

दादांनी ग्लास घेतला. डोळे मिटले. ओठ थोडे हलले.
आणि दोन थेंब खाली ओतले. माझ्या नव्या पांढऱ्या टाइल्सवर.

पुण्याचा माणूस बघतोय. गावातले डॉक्टर, मास्तर बघतायत. माझं डोकंच फिरलं.

"हाई काय करी ऱ्हायनात, दादा? बार शे हाऊ, वावर नही शे!"

लोक हसले. मीही हसलो. लिहितानाही लाज वाटतेय.

"चुकनं, भाऊ. पुसी देस," एवढंच म्हणाले. आणि खांद्यावरच्या फडक्याने वाकून स्वतःच पुसलं.

मला ती रीत माहीत नव्हती असं नाही हो. वर डोंगरात पिण्याआधी दोन थेंब जमिनीला देतात, गेलेल्या माणसांच्या नावाने. लहानपणापासून ऐकलंय. पण ते तिकडे, त्यांच्या मोहाच्या दारूला. माझ्या महागड्या बाटलीशी त्याचा काय संबंध, असं मला वाटलं. अक्कल तेवढीच.

दादा रागावले नाहीत. त्याच दिवशी टेस्टिंग जिंकून दिलं त्यांनी.

पुण्याचा माणूस काळ्या बिअरबद्दल इंग्रजीत बरंच काही सांगत होता. कुणाला काही कळेना. दादांनी ग्लास नाकाशी नेला.
"करपेल भाकर. आनि वरतून थोडा गूळ."
सगळ्यांनी पुन्हा वास घेतला. खरंच, करपलेली भाकरी आणि गूळ! त्या माणसाने वहीत लिहून घेतलं.

पुढे तर लोक त्यांच्याचसाठी यायचे. नवीन बाटली उघडली की पहिला प्रश्न, "दादा काय म्हणतात?"

एक गोष्ट मात्र मी बघत होतो. त्या दिवसानंतर दादा आपला ग्लास तिथे तोंडाला लावायचे नाहीत. ग्लास घेऊन मागच्या अंगणात जायचे, कडुनिंबाखाली. मिनिटभराने परत यायचे, मग चव सांगायचे.
मला वाटायचं, सगळ्यांसमोर प्यायला लाजतात. कधी विचारलं नाही. जवळजवळ दोन वर्षं, प्रत्येक टेस्टिंगला.

बुधवारी त्यांच्या गावी गेलो. माती झाल्यावर सगळे अंगणात बसले. पळसाच्या पानाच्या द्रोणात मोहाची आली. प्रत्येकजण दोन थेंब जमिनीवर सोडत होता, हळूच नाव घेत होता.
द्रोण माझ्या हातात आला आणि माझा हात थांबला.

दादांचे मोठे भाऊ शेजारी बसले होते. माझ्याशी शाळेतल्या मराठीत, सावकाश बोलले.
"द्या ना. सायसिंग तुमच्या नानांना द्यायचा."
"कुठे?" मी विचारलं.
"तुमच्या बारमागे कडुनिंब आहे ना, तिथे. सांगायचा आम्हाला. पहिल्या दिवशी आत दिलं, तर भाऊला, म्हणजे तुम्हाला, आवडलं नाही. मग बाहेर देतो. नानांचं नाव आधी, मग आमच्या बापाचं."



त्या दिवशी दादांचे ओठ हलले होते ते माझ्या बापाच्या नावाने. नानांच्या बारमधला नवा पहिला घोट नानांना मिळावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला, पोटच्या पोराला, ते सुचलं नाही. ज्याला सुचलं त्याला मी चारचौघांत बोललो. आणि त्यानेच वाकून ते पुसलं.

दादा, तुम्ही एकदा तरी मला सांगायचं होतं. पण तुम्ही कशाला सांगाल. विचारायला मी हवा होतो.

आज शनिवार. पाच वाजता टेस्टिंग आहे. बंद ठेवणार होतो, पण तुम्हाला ते आवडलं नसतं.

पहिला ग्लास मी घेणार. दोन थेंब नानांना, दोन तुम्हाला. अंगणात नाही, आत, त्याच टाइल्सवर.

आज कुणी फडकं आणायचं नाही, सगळ्यांना सांगून ठेवलंय.

चुकनं, दादा. माफ करा.