नवसाबाईंचं घरगाडीतलं ओझं

वणी मागं पडली, देवीचा गड समोर दिसायला लागला, तसं नवसाबाईंनी पायातली चप्पल काढून पिशवीत टाकली.

"मावशी, अजून बरंच चालायचंय. खडी टोचंल," प्रतिभा म्हणाली.

"टोचू दे. आईच्या डोळ्यांसमोर आलो आता." चार पावलं चालून त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "परतीला मी तुझ्यासंगं एस.टी.नंच येते गं. समुद्राचं ऱ्हाऊ दे."

प्रतिभा जागच्या जागी थांबली. मखमलाबादला दोघींची घरं लागून आहेत. गेले पंधरा दिवस मावशींच्या तोंडी समुद्राशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यांच्या मुलानं, धनराजनं, पुढचा आठवडा खास आईसाठी मोकळा ठेवला होता. आईनं मात्र अट घातली होती, आधी गडावर पायी जाऊन देवीपुढं डोकं टेकवीन, मग समुद्र. एकटीला कसं पाठवायचं म्हणून प्रतिभा सोबत निघाली. ती नवरात्रातले उपास करणारी, गडाला नाही म्हणणं तिला जमलं नसतं. दर्शन झालं की दोघींनी पायथ्याच्या नांदुरीला उतरायचं, तिथं धनराज गाडी घेऊन येणार, मावशी गाडीत बसणार आणि प्रतिभा एस.टी.नं घरी, असं ठरलं होतं.

"वजनकाट्यावरचं मनाला लावून घेतलंत ना?" तिनं विचारलं.

मावशींनी पदर खोचला आणि पुढं निघाल्या.

काट्यावरचं प्रतिभानं डोळ्यांनी पाहिलं होतं. धनराजची घरगाडी म्हणजे मोठी टेम्पो ट्रॅव्हलर. आतली बाकं काढून त्यानं पलंग, ओटा, न्हाणी, पाण्याची टाकी, सगळं बसवून घेतलंय. गेली दोन वर्षं तो ती सहलीला भाड्यानं देतोय. प्रत्येक सहलीआधी गाडी भरून वजनकाट्यावर नेतो, कारण लोकांचा त्याला चांगला अनुभव आहे. "ताई, माणसं दोन रात्रींसाठी निघतात अन् बिऱ्हाड हलवल्यासारखं भरतात," तो सांगायचा. नाशिकरोडच्या एका कुटुंबानं कोकणात जाताना तांदळाचा कट्टा नेला, तिकडचा तांदूळ मानवत नाही म्हणून. एकानं वडिलांसाठी लोखंडी खाट बांधून आणली, गाडीत चार पलंग असताना. मिक्सर, इस्त्री, कुकर तर ठरलेलेच. प्रत्येकाला वाटतं आपलं सामान ते केवढंसं. माणसं, पाणी आणि सामान मिळून गाडीला साडेसातशे किलो झेपतं. चारजणांचं कुटुंब माणसं अन् पाणी सोडून अडीचशे-तीनशे किलो सामान तर सहज चढवतं.

या खेपेला चौघंच जाणार होते. धनराज, त्याची बायको तेजस्विनी, मुलगी सृष्टी आणि मावशी. तरी काटेवाला खिडकीतून ओरडला, "धनाभाऊ, वाळू भरली का काय?"

धनराजनं पलंगाच्या फळ्या उचलल्या. खाली गोधड्या असतील असं त्याला वाटत होतं. तिथं लाल कांद्याच्या गोण्या होत्या. त्यांच्या मागं बाजरी, लसूण, गुळाच्या ढेपा, बेदाण्याची खोकी. सृष्टीनं न्हाणीचं दार उघडलं तर आतून भोपळा गडगडत तिच्या पायाशी आला.

"आजी, भोपळा आंघोळीला बसलाय!"

सगळे हसले. धनराजही हसला, आणि मग काट्यावरचा आकडा पुन्हा पाहून त्याचं हसू गेलं. "आई, हे कोणासाठी?"

"ज्यांच्या दारात गाडी लावशील त्यांच्यासाठी. रोज एक नवं दार म्हणलास ना तू?"

"अगं, रात्री अंगणात गाडी उभी करायचे पैसे देतो आपण त्यांना."

"पैसे दिले म्हून काय झालं? ते तू तिथल्या बाप्याला देशील. त्या घरात बाई असंल का नाय? तिच्या दारात रात्रभर झोपायचं अन् सकाळी तिच्या हातावर काय न ठेवता तोंड फिरवून निघायचं?"

"हे घेऊन सापुताऱ्याचा घाट नाही उतरता येणार. ब्रेक तापतील. गाडीत लेकरू आहे."

मावशी गाडीपासून बाजूला झाल्या. मग कडेला पोती तोलायचा छोटा काटा होता, त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. काटा बघून म्हणाल्या, "मी उतरले अन् हे भोपळे काढले की बसंल का तुझ्या हिशोबात?"

धनराजला तो विनोद वाटला. प्रतिभाला तेव्हाच वाटला नव्हता.

आता रस्त्यानं चालता चालता तिनं तेच काढलं. "मावशी, कांदे उतरवा की. तुम्हाला उतरवून कांदे समुद्राला न्यायचे, हा कुठला न्याय?"

"तुला नाय कळायचं." मावशी सावलीला टेकल्या, पाण्याचा घोट घेतला. "लग्न होऊन आले तवापासून फुलं तोडतेय मी. झेंडू, शेवंती. पहाटं पंचवटीच्या बाजारात, दिवस वर येतो तवा परत. हे होते तवाबी तेच, हे गेल्यावरबी तेच. घराबाहेर रात्र काढली ती नात्यागोत्यातच. बहिणीकडं, नणंदेकडं. कवा रिकाम्या हातानं गेले नाय. काय नसलं तर ओंजळभर शेवंती तरी पदरात. आता अनोळखी बाईच्या दारात कसं जाऊ? मला तिथं झोप नाय लागायची. पोरं जाऊन येतील. त्यांना चालतंय तसं."

"अन् धनराजला काय वाटंल?"

मावशी उठून चालायला लागल्या. "तेच तर. त्याला सांगू कसं," एवढंच म्हणाल्या.

गडावर देवीपुढं त्या बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. प्रतिभानं स्वतःसाठी काही मागितलं नाही. या माउलीला गाडीत बसव, एवढंच म्हणाली.

खाली नांदुरीला उतरल्या तर गाडी आधीच येऊन उभी. सृष्टी पळत आली आणि आजीच्या कमरेला बिलगली. मावशींनी वाटेत जुळवून ठेवलेलं बोलायला तोंड उघडलं, तोवर धनराजनं त्यांचा हात धरून गाडीच्या मागच्या बाजूला नेलं आणि टाकीची तोटी सोडली. दोन थेंब पडले.

"टाकी रिकामी केली. जनरेटर घरी ठेवला, दुसरा सिलिंडर घरी ठेवला. तेजूनं तिची मोठी बॅग काढली. परत काट्यावर घातली गाडी. बसलं सगळं. कांदेसुद्धा."

"भोपळे?"

"दोन ठेवले. बाकीचे शेजारी वाटले."

"अन् पाणी? लेकराला पाणी नको?"

"प्यायचं घेतलंय. बाकीचं, ज्यांच्या दारात थांबू त्यांच्याकडं मागायचं. पाणीच सगळ्यात जड असतं, आई."

मावशींनी तोटी बंद केली. प्रतिभाला त्यांचा चेहरा दिसत होता. देणं त्यांच्या अंगवळणी होतं. नवरा गेला तेव्हा शेजारचा चहासुद्धा त्यांनी दोनदा नको म्हणून मग घेतला होता.

"मला नाय जमायचं," त्या हळूच म्हणाल्या. "कोणाच्या दारात बादली घेऊन…"

"बादली मी धरतो. तू नुसती शेजारी उभी ऱ्हा."

"आई," तेजस्विनी गाडीच्या दारातून म्हणाली, "तुम्ही कांदे द्याल अन् पाणी घेणार नाही, तर त्या बाईला तरी कसं वाटंल?"

मावशींनी सुनेकडं पाहिलं. "लय बोलायला शिकली ही," म्हणाल्या, पण डोळे पुसत म्हणाल्या. मग पिशवीतून चप्पल काढली, पायांची धूळ झटकली, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि चढल्या. खिडकीजवळच्या पलंगावर, कांद्यांच्या वर, बसल्या.

गाडी सुरू झाली. प्रतिभा हात हलवत होती, तेवढ्यात मावशींनी खिडकीतून धनराजला थांबायला लावलं. कमरेचा जुडगा सोडवला आणि त्यातली एक बारीक किल्ली काढून प्रतिभाच्या हातावर ठेवली.

"रस्त्याकडंचा आपला नळ हाय ना? येणारे-जाणारे गाड्या थांबवून पाणी भरतात, म्हून निघताना कुलूप घातलं मी त्याला. घरी गेलीस की आधी तेवढं कुलूप काढ गं, बाई."