वाणात आलेली ट्यूब

चाळिशीत माझे गाल आणि नाक कायम लाल असायचे. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये भर जानेवारीतही लोक विचारायचे, "वहिनी, उन्हातून आलात?"

त्या संक्रांतीला वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हळदीकुंकवात वाण म्हणून क्रीमची ट्यूब वाटली. "घ्या हो, प्लास्टिकचे डबे किती द्यायचे? माझी भावजय लावते, एकदम साफ चेहरा!" वाण नाकारायची आपल्यात पद्धत नाही. आठवड्यात लाली गेली. मग केमिस्टकडून नव्या ट्यूबा आणत वर्षभर लावत राहिले. एखादा दिवस चुकला, तर चेहरा भाजल्यासारखा व्हायचा.

तेवढ्यात गुडगावच्या एका नव्या ऑफिसात नोकरी लागली. नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना शिकवायचं, तीन महिन्यांनी मला कायम करायचं की नाही ते ठरणार. त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ट्यूब पाहिली.

"ये तो स्टेरॉइड है. किसने लिख के दिया?"

हळदीकुंकू हिंदीत कसं समजावणार? "पड़ोसन ने," म्हटलं.

ते म्हणाले, चेहऱ्याला सवय लागली आहे, ट्यूब आजच बंद. दीड-दोन महिने चेहरा आणखी बिघडेल, मग शांत होईल. मूळचा आजार रोझेशिया. तो जाणार नाही, पण ताब्यात राहील.

नवरा म्हणाला, "तीन महिने थांब की. आधी कायम हो, मग बंद कर."

सल्ला वाईट नव्हता. पण तीन महिन्यांनी सोडणं आणखी जड गेलं असतं. त्याच दिवशी ट्यूब कचऱ्यात टाकली.

पहिल्या वर्गात वीस जण माझ्या तोंडाकडे टक लावून बसले. मी सांगून टाकलं, "स्किन की बीमारी है, फैलती नहीं. गुस्से में नहीं हूँ. पन्ना दो."

मागून एक मुलगी म्हणाली, "मॅम, गुस्से में और लाल होती हैं?"

"कल लेट आके देख लेना."

वर्ग हसला आणि पन्ना दोन उघडला.

दोन महिने वाईट गेले, हे खरं. मग डॉक्टरांच्या जेलने हळूहळू फरक पडला. चहा कोमट प्यायला शिकले, हिवाळ्यात हीटरपासून लांब बसायला लागले, दुपारी छत्रीशिवाय बाहेर पडणं सोडलं. अजूनही लाली येते, जाते.

कायम झाल्यावर ओळखपत्रासाठी फोटो काढायला बसवलं. फोटोवाल्याने विचारलं, "मॅडम, थोड़ा पाउडर लगा दूँ?"

"नहीं. जल्दी खींचिए, क्लास है."