हातमोज्यातलं मलम

माझी वहिनी फर्निचरला पॉलिश करते. हे काही बायकांचं काम नव्हे, असं माझ्या दादानं तिला लग्नानंतर सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्या नाकावर टिच्चून करते आहे. घराच्या मागच्या खोलीत तिचं वर्कशॉप. तिथे जुनी कपाटं, लंगड्या खुर्च्या आणि स्पिरिटचा असा वास, की पाहुणे अर्धा चहा टाकून उठतात. बरंच आहे ते, असं ती म्हणते.

संधिवातानं तिची बोटं धरली तेव्हा दादाला वाटलं, आता तरी घरी बसेल. ही कसली बसते! सांध्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली, ती लागू पडली, आणि बाई पुन्हा पॉलिशचा बोळा धरून उभ्या. मग थिनरनं हातांना खाज सुटली, कातडी तडकायला लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं आणि बजावलं, थोडेच दिवस, अगदी पातळ थर.

पण पातळ थरावर आमच्या वहिनीचा विश्वासच नाही. कित्येक महिने ती रोज सकाळी हातांना मलम चोपडायची, वर रबरी हातमोजे चढवायची, मनगटाशी रबरबँड लावायची आणि संध्याकाळपर्यंत काढायची नाही. मलम पुसलं जाऊ नये म्हणून. त्वचेच्या डॉक्टरांना तिनं गोळी सांगितली नाही, सांध्यांच्या डॉक्टरांना मलम सांगितलं नाही. लपवाछपवी नव्हती हो. पोटात जातं ते औषध, अंगाला लावतात ते काय औषध, असा तिचा हिशेब.

एक दिवस टेबलाचं कुसळ मोजा फाडून अंगठ्यात घुसलं. असली कुसळं ती दातांनी काढते. या वेळी मात्र अंगठा टम्म सुजला, पू धरला, ताप चढला आणि लाली मनगटापर्यंत सरकली. मी आणि दादा तिला घेऊन सांध्यांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्या बाईंनी विचारलं, आणखी काही घेता का, लावता का? दादानंच परस्पर उत्तर दिलं, काही नाही. मला राहवलं नाही. मी मलम आणि मोजे, दोन्ही सांगून टाकलं.

डॉक्टरांनी तिचे हात उजेडात धरले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. डॉक्टर दादाला समजावून सांगायला लागल्या, तशी वहिनी तापातही ताठ बसली.

"माझ्याकडे बघून सांगा," ती म्हणाली. "हात माझे आहेत."

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. सांध्यांची गोळी शरीराची लढायची ताकद जरा कमी करते. त्यात हे जोरदार मलम रबराखाली कोंडलं, की ते कितीतरी जास्त आत मुरतं, कातडी पातळ करतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. दोन्ही एकदम वापरायचंच नाही असं नाही, पण दोन्ही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही. जखम भरेपर्यंत गोळी थांबवायची. मलम एकदम बंद करायचं नाही, त्वचेच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलून कमी करतील. आणि मलमावर मोजे कदापि नाहीत.

दादा म्हणाला, "त्यापेक्षा कामच बंद करू."

"गोळी सुटली तर बोटं जातील," वहिनी म्हणाली. "काम सुटलं तर मी जाईन. दुखतंय ते बरं करा, बाकीचं माझं मी बघते."

मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला, की दादाची कीवही आली नाही.

डॉक्टरांनी पू काढला, अँटिबायोटिक दिलं. ताप उतरला, पण हाताला पट्टी होती. तेवढ्यात दादानं डाव साधला. एक लाकूडवाला घरी आला, वर्कशॉपचं सगळं सामान उचलायला. दादानं परस्पर बोलून ठेवलं होतं. माझं डोकंच फिरलं, पण वहिनी माझ्या आधी दारात पोचली. आवाज न चढवता तिनं त्या माणसाला सांगितलं की इथलं काहीच विकायचं नाही, चुकून निरोप गेला. तो गेला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"दार लावा आणि तो पॉलिश पेपर घ्या. हात बरा होईपर्यंत घासायचं काम तुमचं."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी कशाला वाचवतेय त्याला? आयुष्यात स्वतःचं ताट न उचललेला माझा भाऊ खाली बसला आणि टेबल घासायला लागला. वहिनी शेजारी स्टूल ओढून बसली.

"आडवं नाही," ती म्हणाली. "लाकडाच्या रेषेनं. पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं.